वाघळांना जामीन

धोंडेवाडी, ता. उस्मानाबाद
६ जानेवारी १९८५

चि. मच्छिंद्र यास चांगुणाआक्काचा जयभीम आणि आशीर्वाद.

नोव्हेंबरात तू येऊन गेलास त्याला दोन महिने होत आले. पोचल्याचं साधं कार्डसुद्धा नाही. प्रोफेसर झाल्यावर बहिणीला विसरायचं असं औरंगाबादच्या कॉलेजात शिकवतात काय? असो. आज मला भांडायला दुसराच विषय आहे.

डोंगरातल्या कपारीतली तुझी वाघळं गावाच्या डोळ्यांत सलायला लागली आहेत. आपल्या द्राक्ष सोसायटीचं हे पहिलंच पीक. पावसानं दोन वर्षं तोंड दाखवलेलं नाही, विहिरीत दोन परस पाणीसुद्धा उरलं नाही. मी आणि तुझ्या दाजींनी बैलगाडीवर पिंप आणून एकेका वेलाला तांब्यानं पाणी पाजलं. आता घडात गोडी उतरायला लागली, तर रोज सकाळी बागेत पाय ठेवला की मणी खाली सडा घातल्यासारखे पडलेले. अर्धे खाल्लेले, अर्धे नुसते चोथा करून थुंकलेले. चौदाही सभासदांच्या बागेत हीच तऱ्हा.

सगळे म्हणतात, ही कपारीतल्या वाघळांची करणी. चेअरमन आण्णासाहेबांनी काल ठरावच मांडला. भुरी रोगासाठी सोसायटीनं गंधक आणलंय, तेच कपारीत पेटवायचं, तोंडाला ओली पोती लावायची आणि दिवसभर धूर कोंडायचा. रेवणप्पा तर म्हणाला, "ज्ये तोंडानं खातंय आन् तोंडानंच हागतंय, त्येला जगवून कुणाचं भलं व्हनार हाय?" सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

मला ती पाखरं आवडत नाहीत हे तुला माहीत आहे. संध्याकाळी डोक्यावरून गेलं की आजही माझा हात पदराकडं जातो. शेजारची द्वारकाबाई तुझ्या दाजींच्या दम्यावर वाघळाचा रस्सा करून घाल म्हणून रोज मागं लागते, ती एक वेगळीच कटकट. पण तू त्या पाखरांच्या हातात अॅल्युमिनियमचे वाळे घालत दोन वर्षं त्या घाणीत बसला आहेस, बारशाला मामानं घालावेत इतक्या हौसेनं, म्हणून मी सभेत एवढंच म्हणाले की थांबा, भावाला विचारते.

तर विचारते. तुझी वाघळं द्राक्षं खातात की नाही? एका ओळीत सांग. चौदा सभासदांत आपल्या वस्तीतली मी एकटी आहे. मी तिथं एखादी गोष्ट बोलले आणि ती खोटी निघाली, तर ती चांगुणाबाईची चूक राहणार नाही, सगळ्या वस्तीची होईल. हे ध्यानात ठेवून लिही.

तुझी
आक्का


औरंगाबाद
१३ जानेवारी १९८५

आदरणीय आक्का,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र वाचून मला दोन वेळा राग आला. एकदा गावाचा आणि एकदा तू हसलीस त्याचा.

एका ओळीत सांगतो: कपारीतलं एकही वाघूळ द्राक्षाला तोंड लावत नाही.

आता जास्त ओळींत सांगतो. आपल्या कपारीत नऊ हजारांच्या वर वाघळं आहेत. मूठभर अंगाची, नाकावर पानासारखी कातडी असलेली. ती किडे खातात, फक्त किडे. कापसावरची बोंडअळी ज्याच्यापासून होते तो पतंग खातात, तुडतुडे खातात, डास खातात. गावात बोंडअळीनं कापूस धुऊन नेला नाही याचं श्रेय आण्णासाहेब औषधाच्या पंपाला देतात. त्यांनी कधीतरी सूर्य बुडताना कपारीच्या तोंडाशी उभं राहून बघावं म्हणजे कळेल कोण राखण करतं ते.

द्राक्षं खाणारी वाघळं वेगळी. ती मोठी, झाडाला दिवसाढवळ्या लोंबणारी. तुझ्या बांधावरच्या चिंचेवर शंभर-दीडशे आहेत, सगळ्या गावाला दिसतात. त्यांना सोडून बिचाऱ्या कपारीवर उठायचं कारण एकच, की कपार अंधारी आहे आणि अंधारात जे असतं ते वाईटच असणार असं आपल्या लोकांना वाटतं. शिकलेला माणूस काही सांगू लागला की त्याची टवाळी करायची आणि रेवणप्पानं हागण्यावर विनोद केला की माना डोलवायच्या. हीच का सहकाराची चळवळ?

आक्का, तुला बहात्तरचं साल आठवतं? तू दुष्काळी कामावर खडी फोडायचीस आणि उन्हाचं मला कपारीत बसवून जायचीस. पुस्तकांपेक्षा जास्त मी ती पाखरं वाचली. आज लोक मला त्यांच्यामुळं ओळखतात. एप्रिलात माझे गाइड स्वतः कपार बघायला येणार आहेत. तोवर तिथं काडीसुद्धा पेटता कामा नये.

हे पत्र सभेत वाचून दाखव. मोठ्यानं वाच.

तुझा
मच्छिंद्र


धोंडेवाडी
२८ जानेवारी १९८५

चि. मच्छिंद्र यास आशीर्वाद.

वाचून दाखवलं. मोठ्यानं वाचलं. सहकाराच्या चळवळीची ओळ तेवढी गाळली, नाहीतर तिथंच खुर्च्या उडाल्या असत्या.

सभा महादेवाच्या देवळापुढं होती. पत्र संपल्यावर रेवणप्पा उठला आणि म्हणाला, "कागुद कायबी बोलतंय. बाईला खरं वाटत आसंल तर तिनं बेलभंडारा उचलावा." गावात वाद अडला की असंच करतात हे तुला माहीत आहे. ताटात बेलाचं पान आणि भंडारा ठेवतात, जो खरं बोलतो तो उचलतो, आणि मग त्या गोष्टीवर पुन्हा कोणी तोंड उघडत नाही.

ताट आणलंसुद्धा. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मी म्हणाले, "बेल माझा न्हाय, भंडारा माझा न्हाय. बावीस प्रतिज्ञा घ्येतलेल्या बाईपुढं तुमी ह्ये ताट का ठिवताव?" तेव्हा कोणीतरी मागून म्हणालं, मग तुझ्या बोलण्याला आधार काय? मला काय झालं कोण जाणे. तुझं पत्र मी त्या ताटाशेजारी जमिनीवर ठेवलं, त्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ह्यो माझा भाऊ. बहात्तरला माज्या हातच्या खडीवर शिकला. त्यो खोटं लिहिनार न्हाय. कपारीतल्या वाघळांना मी जामीन."

आण्णासाहेबांनी मान डोलावली. म्हणाले, बाई जामीन राहिली, विषय संपला. तुला सांगते, इतक्या वर्षांत त्या देवळापुढं माझ्या शब्दावर एखादा विषय संपला असं पहिल्यांदाच झालं. घरी येताना मी जमिनीवरून चालत नव्हते.

पण पुढचं ऐक. ते म्हणाले, मग झाडावरची हाकलायला हवीत. आणि ते झाड माझ्याच बांधावर. फटाके लावले, थाळ्या बडवल्या, दोन दिवसांत ती परत येऊन बसली. शेवटी आण्णासाहेब घरी आले. झाड तोड असं ते म्हणाले नाहीत. चहा घेतला आणि नुसतं चिंचेकडं बघत बसले. मीच म्हणाले, तोडा. ज्या झाडाखाली आपल्या आईनं तुला झोळीत निजवून दुसऱ्याच्या शेतात खुरपणी केली, ते झाड. दोन दिवस करवत चालली. दाजी त्या दिवसांत घराबाहेर आले नाहीत. दम्याचं निमित्त सांगितलं.

मला वाईट वाटलं, पण पश्चात्ताप नाही. खऱ्यासाठी काहीतरी द्यावं लागतंच. आता बाग वाचेल.

तुझी
आक्का


औरंगाबाद
५ फेब्रुवारी १९८५

आदरणीय आक्का,
सप्रेम जयभीम.

चिंच तोडायला तुला कोणी सांगितलं? मी लिहिलं होतं का झाड तोड म्हणून? झाडावर मोठी वाघळं असतात एवढंच मी लिहिलं. त्यावरून थेट करवत! आण्णासाहेबांच्या बांधावर चिंच असती तर त्यांनी तोडली असती का? त्यांनी एक कप चहा पिऊन तुझं झाड नेलं आणि तू वर आनंदानं लिहितेस की जमिनीवरून चालत नव्हते.

आणि जामीन राहायची काय गरज होती? पत्र वाचून दाखव म्हणालो होतो, त्यावर हात ठेव म्हणालो नव्हतो. असल्या गोष्टींत शपथा नसतात. आज एक दिसतं, उद्या निराळं दिसतं.

झालं ते झालं. बागेवर जाळी पसर. आपल्या तळ्यात पाणी नाही, म्हणजे भोयांची मासे धरायची जाळी रिकामी पडली असतील. ती माग. घडापासून हातभर उंच बांध म्हणजे पाखराला बसता येत नाही. सगळ्या सभासदांना असंच करायला सांग. आणि कृपा करून मे महिन्यापर्यंत कपारीचं नाव सभेत निघू देऊ नकोस.

दाजींना जयभीम. रस्सा पाजू नकोस.

तुझा
मच्छिंद्र


धोंडेवाडी
२२ फेब्रुवारी १९८५

मच्छिंद्र,

तुझं मागचं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, चिंचेच्या दुःखानं चिडला आहे. आता तसं वाटत नाही.

झाड गेलं, मोठी वाघळं कुठंतरी उडून गेली, आणि तरी रोज सकाळी मण्यांचा तोच सडा. आठ दिवसांनी रेवणप्पा येताजाता विचारू लागला, "काय जामीनबाई, आता कुठलं झाड?" मी ऐकून घेत होते, कारण माझ्याकडं तुझं पत्र होतं.

तू सांगितलंस म्हणून भोयांकडून जाळं आणलं. परवा पहाटे बागेत गेले तर जाळ्यात एक वाघूळ अडकून मेलेलं. मला शिवायची किळस, तरी सोडवलं. त्याच्या नाकावर पान नव्हतं. कुत्र्याच्या पिल्लासारखं तोंड, मोठे डोळे, आणि तोंडात माझ्याच बागेतला मणी. झाडावरच्याएवढं मोठंही नव्हतं. आणि हातात वाळा होता.

वाळा पत्रात गुंडाळून पाठवते आहे. त्यावर १८७ आकडा आहे. हे वाळे ह्या मुलखात घालणारा माणूस एकच आहे, आणि तो कपारीतल्या पाखरांशिवाय कोणाला घालत नाही. त्यानंच मला सांगितलं होतं.

त्याच वेळी आण्णासाहेबांचा गडी बांधावरून आला. मी ते मेलेलं पाखरू पदराखाली धरलं. ज्याला बघून मी डोक्यावरून पदर घेते, ते पदराखाली धरून उभी राहिले, आणि तो विचारत होता, "आक्का, कायी घावलं का जाळ्यात?" मी म्हणाले, बघते आहे. नाही म्हणाले नाही. पण हो तरी कुठं म्हणाले? घरी येऊन हात तीन वेळा धुतले.

तू कॉलेजात वही ठेवतोस ना प्रत्येक आकड्याची? ती उघड. १८७ कोण आहे ते बघ. ते कपारीतलं आहे का, ते द्राक्षं खातं का, आणि तू मला पहिलं पत्र लिहिलंस तेव्हा हे तुला माहीत होतं का, तेवढं लिही. बाकी काही लिहू नकोस. बहात्तरचं साल तर मुळीच लिहू नकोस.

चांगुणा


औरंगाबाद
१ मार्च १९८५

आक्का,

वही उघडायची गरज नाही. १८७ मी अकरा नोव्हेंबरला घातला. मादी. कपारीच्या आतल्या खोलीत, जिथं वाकून जावं लागतं तिथं, तिच्यासारखी चारशे आहेत. ती फळं खातात. द्राक्षंसुद्धा खातात. हो, मला माहीत होतं. झालं समाधान?

आता माझंही ऐक. बाहेरच्या मोठ्या कपारीत नऊ हजार आहेत त्यांबद्दल मी लिहिलं ते अक्षर न् अक्षर खरं आहे. ती किड्यांशिवाय कशाला शिवत नाहीत. मी खरं लिहिलं असतं की नऊ हजार निर्दोष आहेत आणि चारशे दोषी, तर तुझ्या गावानं काय केलं असतं? आतल्या खोलीपुढं चार जाळी लावली असती? त्यांनी गंधकच पेटवलं असतं. धुराला आतली-बाहेरची कळत नाहीत. म्हणून मी चारशे लपवली. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?

कायदासुद्धा पाहिला. त्यात फळं खाणारी वाघळं कावळ्या-उंदरांच्या यादीत आहेत, मारली तरी कोणी विचारणार नाही. म्हणजे ना सरकार माझ्या बाजूनं, ना गाव. फक्त तू होतीस.

आतल्या माद्यांना आता पिल्लं होतील, होत असतील. बाहेरच्या पोटुशा आहेत. एक महिना, आक्का. एक महिना गप्प बस. गाइड येऊन गेले की मी स्वतः येतो आणि आतल्या खोलीला रात्रीपुरतं जाळं कसं लावायचं ते दाखवतो. तोवर मेलेलं पाखरू पुरून टाक आणि वाळ्याचं कोणाला बोलू नकोस.

तू म्हणतेस तुझ्या शब्दाची पत जाईल. कोणापुढं? त्या लोकांनी तुला सोसायटीत घेतलं ते यादीत आपल्या वस्तीचं एक नाव दाखवायला लागतं म्हणून. तुझा शब्द त्यांना हवा होता तो चिंच पाडण्यापुरता. त्यांच्यासाठी नऊ हजार जीव जाळणार असशील तर जाळ.

मच्छिंद्र


धोंडेवाडी
२० मार्च १९८५

मच्छिंद्र,

तुझं पत्र पाच तारखेला मिळालं. पाच दिवस मी गप्प बसले. महिना मागितला होतास, मला पाच दिवसच जमले.

यादीत नाव दाखवायला घेतलं असेल. मला ते तुझ्याआधी माहीत होतं, मी रोज तिथं बसते. पण त्या दिवशी देवळापुढं मी हात ठेवला तेव्हा तो यादीतल्या नावाचा हात नव्हता. तुला तेवढंच कळलं नाही आणि तेवढंच लिहून बसलास.

दहा तारखेला सभा होती. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. वाळा, जाळं, चारशे, आतली खोली. माझ्या भावानं मला खोटं लिहिलं आणि मी ते तुमच्यापुढं खरं म्हणून ठेवलं, असं म्हणाले. कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. रेवणप्पासुद्धा खाली बघत होता.

मग मी तुझं एक तारखेचं पत्र काढलं. तुझ्यामाझ्यातलं वगळून बाकीचं वाचलं. बाहेरची नऊ हजार किडे खातात, ती कापूस राखतात, त्यांना मारू नका, आतल्या खोलीच्या तोंडाला रात्रीपुरती जाळी लावू, मी स्वतः जाऊन लावते. मच्छिंद्र, मी तुझ्या पाखरांसाठी हात जोडले. मला वाटत होतं ते खरं आहे. आजही वाटतं.

रेवणप्पा म्हणाला, "ह्योच भाऊ न्हवं? पैल्या कागदात म्हनला येकबी खात न्हाय. दुसऱ्यात म्हनतोय चारशे खात्यात, नऊ हजार खात न्हाईत. तिसऱ्यात काय म्हनंल?"

ह्याचं उत्तर तुझ्याकडं आहे?

आण्णासाहेब म्हणाले, "चांगुणाबाई, तुमच्यावर इस्वास हाय. तुमच्या भावावर न्हाय. आन् ह्ये तुमी तुमच्या डोळ्यांनी बघितलेलं न्हाय, भावाचंच ऐकून बोलताव." ते बरोबर होतं. मी कुठं बघितलं होतं ती काय खातात ते?

सतरा तारखेला सकाळी गंधक घेऊन सगळे वर गेले. तीन ठिकाणी ढीग केले, पोती भिजवायला टँकरचं पाणी आणलं, माणसांना प्यायला मिळत नाही ते. कोणी मला बोलावलं नव्हतं. मी गेले आणि काडी मी लावली. आण्णासाहेब नको म्हणत होते. मी म्हणाले, जामीन मी होते, भरायचं मला. तिसरा ढीग मी आतल्या खोलीपाशी पेटवला आणि वाकून बाहेर आले तेव्हा डोळ्यांपुढं काही दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाया आणि मी टोपल्यांनी मेलेली बाहेर काढली. सगळी उचलायला दोन दिवस लागले. पानाच्या नाकाची जास्त होती. आतल्या माद्यांच्या छातीला पिल्लं चिकटलेली, बोटाएवढी. द्वारकाबाई, जी रश्शासाठी माझ्या मागं लागायची, ती तिसऱ्या टोपलीनंतर बांधावर जाऊन बसली आणि परत आत आली नाही.

द्राक्षं आता कोणी खात नाही. हे तुला कळवायला हवं म्हणून लिहिलं.

चांगुणा


औरंगाबाद
२७ मार्च १९८५

सौ. चांगुणाबाई यांस,

तुमचं पत्र मिळालं. गाइडना येऊ नका म्हणून कळवलं आहे. त्यांना दाखवण्यासारखं तिथं आता काही नाही.

तुम्ही खरं बोललात. तुमचं गाव तुमची पाठ थोपटेल. मला तुमच्या खरेपणापेक्षा रेवणप्पाचा अडाणीपणा परवडला, कारण त्यानं तरी त्या पाखरांची कधी माया केली नव्हती आणि त्यांच्यासाठी हात जोडून मग काडी लावली नव्हती.

यापुढं पत्र पाठवू नये. मी गावाकडं येणार नाही.

मच्छिंद्र


धोंडेवाडी
२१ एप्रिल १९८५

मच्छिंद्र,

पाठवू नये म्हणालास तरी पाठवते आहे. मला 'तुम्ही' म्हणायला तुला पंचवीस वर्षं लागली. आईनं शेवटी तुला माझ्या मांडीवर दिलं तेव्हा तू मला काय म्हणायचास ते राहू दे. मला समजूत काढायची नाही. तुझं पत्र मी दाजींना दाखवलं नाही एवढं मात्र केलं.

पाठ कोणी थोपटली नाही. उलट आता माझा शब्द पूर्वीपेक्षा जास्त चालतो, ह्याची मला किळस येते. मापात काही चूक निघाली, पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं की आण्णासाहेब म्हणतात, चांगुणाबाईला विचारा, ती आपल्या भावालाही सोडत नाही. हे ते कौतुकानं म्हणतात. मी घरी येऊन भाकरी टाकते आणि माझा हात तव्यावर थांबतो.

परवा मी कपारीत गेले. का गेले विचारू नकोस. आत अजून गंधकाचा वास आहे, भिंती पिवळ्या पडल्या आहेत. आतली खोली रिकामी. बाहेरच्या कपारीत उंच, डाव्या कोपऱ्यात, काहीतरी हललं. मी खाली बसून राहिले. डोळे सरावल्यावर दिसली. तीस असतील, चाळीस असतील. नाकावर पान असलेली, मूठभर अंगाची. त्या दिवशी ती कुठं होती आणि परत का आली, मला माहीत नाही. मी ऊन उतरेपर्यंत बसले. दिवस बुडताना ती माझ्या डोक्यावरून बाहेर गेली आणि मी त्यांच्या मागोमाग तोंडाशी आले. खालच्या कापसाच्या पऱ्हाट्यांवर ती फिरत होती. बराच वेळ बघितलं. बागांकडं एकही गेलं नाही. हे मी आता माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. आता मला सभेत बोलता आलं असतं.

खाली उतरले तर पायवाटेवर रेवणप्पा उभा. सायकलला उरलेल्या गंधकाचं पोतं बांधलेलं. वरून मला येताना बघितलं होतं त्यानं. म्हणाला, "काय जामीनबाई, ऱ्हायलं का कायी वर? ऱ्हायलं आसंल तर उद्याच उरकून टाकू."

खरं सांगायची संधी होती. ही किडे खातात, मी डोळ्यांनी बघितलं, माझ्यावर तुमचा विश्वास आहे. बोलले असते तर कदाचित ऐकलंही असतं त्यांनी. कदाचित. मी त्याच्या पोत्याकडं बघितलं आणि त्या कदाचितवर ती चाळीस पाखरं सोडवेनात.

मी म्हणाले, "न्हाय. कायबी न्हाय ऱ्हायलं."

त्यानं एकदासुद्धा उलटून विचारलं नाही. "तू म्हनतीस म्हंजी न्हायच," म्हणाला आणि सायकल वळवून गेला. तो दिसेनासा होईपर्यंत मी वाटेवर उभी होते. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या माणसाशी उघड खोटं बोलले, आणि त्यानं ते ज्या भरवशानं घेतलं तो भरवसा मी तुझी नऊ हजार जाळून मिळवलेला आहे.

तू विचारलं होतंस, माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस. हे केलं. आता तुझ्यात आणि माझ्यात फरक राहिला नाही, आणि त्यासाठी मी तुला कधी माफ करीन असं वाटत नाही.

ती तिथं आहेत हे फक्त तुला आणि मला माहीत आहे. मोजायला येऊ नकोस. तुला वर जाताना गावानं बघितलं तर ती गेली म्हणून समज.

चांगुणा